आधी बाजू ठरते, मग पुरावा पटतो

शिंपला

कुणी विज्ञान नाकारलं की आपण म्हणतो, अडाणी आहे, समजत नाही त्याला. मला हे पटेनासं झालंय.

अमेरिकेत डॅन केहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एक प्रयोग मांडला. लोकांना तक्ता दिला. मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलम गुणकारी का? २२३ हा आकडा डोळ्यात भरतो, म्हणून बरेच जण 'हो' म्हणून मोकळे होतात. प्रमाण काढलं की दिसतं, लावलेल्यांत शेकडा ७५ बरे झाले, न लावलेल्यांत शेकडा ८४. म्हणजे मलम न लावलेलंच बरं! गणित चांगलं असलेल्यांना हे जास्त वेळा ओळखता आलं.

मग आकडे तेच ठेवून मथळा बदलला: बंदुका जवळ बाळगायला बंदी असलेली शहरं आणि नसलेली शहरं, गुन्हे घटले की वाढले. आता प्रत्येक बाजूला आपल्या सोयीचंच उत्तर बरोबर दिसू लागलं, आणि ज्यांचं गणित पक्कं त्यांच्यातच ही फारकत जास्त होती. हुशारी आपल्याच बाजूची वकिली करायला राबत होती.

माझं म्हणणं असं की लोकांचं भांडण विज्ञानाशी नसतंच. त्या विज्ञानामुळे पुढे जे करावं लागेल, ते नको असतं. आणि यात डावे-उजवे दोघंही आले.

उत्तरायण

'दोघंही आले' इथेच माझा विरोध आहे. आणि त्या प्रयोगाबद्दलही जपून बोला. इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा 'गणित जितकं पक्कं तितकी फारकत जास्त' हे दर वेळी दिसलं नाही.

कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो हे टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगशाळेत मोजलं. उद्योगयुगाआधी हवेत तो दर दहा लाख भागांत २८० होता, आज ४२० च्या वर आहे. यात मत कुठे आलं? तरी बॉब इंग्लिस हे अमेरिकेतल्या उजव्या रिपब्लिकन पक्षाचे खासदार २०१० साली पक्षांतर्गत निवडणुकीतच पडले, आणि हवामानबदल उघडपणे मान्य केला हे त्यामागचं मोठं कारण असल्याचं ते स्वतः सांगतात. एक्सॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७०-८० च्या दशकांतच तापमानवाढीचे अंदाज बांधले होते, आणि कंपनी बाहेर मात्र शंका पेरत राहिली. हा पैसे ओतून उभा केलेला नकार आहे. 'सगळे सारखेच' म्हणणं त्याच्याच पथ्यावर पडतं.

दगडफूल

डाव्यांचा हिशेबही मांडू या की. सोव्हिएत संघातल्या निकोलाय वाविलोव या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभर फिरून पिकांची बियाणी गोळा केली. तिथे आनुवंशिकता 'बूर्ज्वा' म्हणजे भांडवलदारी ठरली, ती नाकारणारा लिसेंको सत्तेचा लाडका झाला, वाविलोव १९४० साली पकडले गेले आणि १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात वारले. माणसाला पोटभर मिळावं म्हणून बी जपणारा हा माणूस स्वतः कुपोषणाने खंगला. हे वाचल्यापासून मला 'विज्ञान आमच्या बाजूने आहे' हे वाक्य ऐकवत नाही.

आजचं बघायचं तर २०१६ साली शंभरावर नोबेलविजेत्यांनी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेला लिहिलं की जनुकीय सुधारित पिकांचा, विशेषतः गोल्डन राइस या 'अ' जीवनसत्त्व देणाऱ्या तांदळाचा विरोध सोडा. सोडला का? जर्मनीने २०२३ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, कोळसा मात्र जळत राहिला.

उत्तरायण

लिसेंको हे हुकूमशाहीचं पाप. लेनार्ड आणि श्टार्क या नोबेल मिळालेल्या दोघांनी नाझी काळात आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताला 'ज्यू भौतिकी' म्हणून झोडपलं, तेही तसंच. अणुऊर्जेबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला मान्य आहे.

अबोली

तुम्ही सगळे नाकारणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय. अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं न्याहाळलं गेलं. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नसबंदी वैध ठरवली, तेव्हा सुप्रजननशास्त्र, म्हणजे 'चांगल्या' वंशाचीच पैदास व्हावी हा विचार, प्रतिष्ठित विज्ञान म्हणूनच मिरवत होतं. ज्यांच्या घरांनी हे सोसलं, त्यांच्या अविश्वासाला 'विचारसरणी' म्हणून निकालात काढू नका.

शिंपला

अबोली, हे मी मूळ लिखाणात घ्यायला हवं होतं. मान्य.

उत्तरायण, तुमच्यासाठी एकच उदाहरण देते. ब्रिटनच्या उजव्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर रसायनशास्त्र शिकलेल्या. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांत त्यांनी हवामानबदलाबद्दल कळकळीने इशारा दिला. २००२ च्या आपल्या पुस्तकात त्याच विषयावर त्या साशंक झाल्या, कारण हा प्रश्न जागतिक समाजवादाला निमित्त पुरवतोय असं त्यांना वाटू लागलं. मधल्या काळात विज्ञान बळकटच झालं होतं. बदललं होतं ते उपायाचं राजकारण. उलट ओझोनच्या वेळी, ओझोनला घातक वायू बंद करायच्या १९८७ च्या माँट्रियल कराराला अमेरिकेचे उजवे अध्यक्ष रेगन यांचाही पाठिंबा होता.

उत्तरायण

कारण तेव्हा ते घातक वायू बनवणाऱ्या ड्यूपाँट कंपनीला पर्यायी वायू विकता येणार होते! पैसा कुणाच्या बाजूला होता ते बघा.

अबोली

माझ्या बाबांनी आयुष्यभर फ्रिज आणि एसी दुरुस्त केले. ओझोनबद्दल त्यांना कधी शंका आली नाही. फ्रिज थंड करणारा, ओझोनला घातक आर-१२ गॅस गेला, त्याजागी आर-१३४ए आला, त्यासोबत कॉम्प्रेसरचं तेल बदलावं लागलं. बाबा ते शिकले, काम चालू राहिलं. हवामानबदलाचं नाव काढलं की मात्र "कर लावायची निमित्तं आहेत ही" म्हणतात. हा धागा वाचून काल विचारलं, "आणि कर लागणारच नसता तर?" हातातला पाना खाली ठेवून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर आकडे बघितले असते."

उत्तरायण

मग आता बघा म्हणावं. हवाई बेटावरच्या मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजताहेत, सगळे आकडे खुले आहेत. करावर त्यांच्याशी एक शब्दही बोलू नका, नुसता आलेख घेऊन बसा. यंत्रातला माणूस आहे, मोजमाप कसं घेतात हे आधी विचारेल. ते विचारतील ते इथे लिहा, मी जमेल तसं उत्तर देईन.