नावे झाकली तर हिशेब कसा तपासायचा? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधील बदलावर चर्चा

धागाकर्ता

एका रस्त्याच्या कामाचा हजेरीपट मी माहितीच्या अधिकारात मागितला होता. उत्तर मुदतीत आले, शुल्क भरल्यावर प्रतीही मिळाल्या. पण प्रत्येक पानावर मजुरांच्या नावांचा आणि सह्या-अंगठ्यांचा रकाना काळ्या शाईने झाकलेला होता. दिवस, दर आणि रक्कम एवढेच वाचता येत होते. सोबतच्या पत्रात एकच वाक्य होते : “सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.” बावीस जणांनी सहा दिवस काम केले, असे तो कागद सांगतो. त्या बावीस जणांपैकी खरोखर कामावर कोण होते, कोण त्या दिवसांत परगावी होते आणि कोण हयातच नव्हते, हे मात्र त्यावरून कोणालाही तपासता येणार नाही.

हे कलम २००५ च्या मूळ कायद्यात वेगळे होते. जिचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नाही, अथवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खाजगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होईल, अशीच वैयक्तिक माहिती नाकारता येत असे. आणि व्यापक लोकहित असेल तर तीही देता येत असे. शिवाय संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुक त्याला जोडलेले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळे वगळले आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच आधार शिल्लक ठेवला. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आला आहे.

माहितीच्या अधिकाराची चळवळ हजेरीपटातूनच उभी राहिली, याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. राजस्थानातील कोट किराना येथे डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. अशा सुनावण्यांत सरकारी कागदांवरची नावे गावासमोर मोठ्याने वाचली जात आणि हा माणूस त्या कामावर कधी आलाच नव्हता, हे लोक उभे राहून सांगत. ती नावे झाकलेली असती तर वाचण्यासारखे काय उरले असते? सरकारी खर्चाच्या कागदावर नाव हाच पुरावा असतो, आणि म्हणून हा बदल मागे घेतला पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ (निवृत्त जन माहिती अधिकारी)

आपल्याला मिळालेले उत्तर मलाही चुकीचे वाटते. पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी अकरा वर्षे जन माहिती अधिकारी, म्हणजे माहितीच्या अर्जांना उत्तर देणारा अधिकारी, म्हणून काम केले. एकदा एका गृहस्थांचा अर्ज आला. त्यांना एका महिला कर्मचाऱ्याच्या बदलीचे ठिकाण, सध्याचा पत्ता, रजेचे अर्ज आणि त्यांना जोडलेली वैद्यकीय प्रमाणपत्रे हवी होती. कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही. त्रयस्थ पक्ष म्हणून मी त्या बाईंना नोटीस काढली, तेव्हा त्या कार्यालयात आल्या आणि नवऱ्यापासून जीव वाचवण्यासाठीच आपण बदली मागून घेतली होती, असे त्यांनी सांगितले. मी माहिती नाकारली. प्रथम अपिलात मात्र ती देण्याचा आदेश झाला, कारण कर्मचारी शासकीय म्हणजे तिची रजाही सार्वजनिक, असा अर्थ तेव्हा लावण्यात आला. त्या बाईंचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर जुने कलम जसेच्या तसे ठेवणे शक्य नव्हते. शिवाय दार पूर्ण बंद झालेले नाही. कलम ८(२) कायम आहे. उघड करण्यातील लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती आजही देता येते. कलम ४ मधील स्वतःहून प्रसिद्ध करावयाची माहितीही तशीच आहे : अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन, अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थ्यांचा तपशील, सवलती आणि परवाने कोणाला दिले ते. सर्वोच्च न्यायालयातील गिरीश देशपांडे प्रकरणात तर २०१२ मध्येच, म्हणजे जुने कलम असताना, सेवेतील कारवाईचा आणि मालमत्तेचा तपशील वैयक्तिक ठरला होता. तेव्हा सगळा दोष या बदलावर टाकणे न्याय्य नाही.

प्रतिसाद २

दोघांचेही वाचले. मला कलम १० आठवते, ज्याचा वापर कार्यालयांत फार कमी होतो. त्यानुसार कागदातला देण्यासारखा भाग वेगळा काढून द्यावा लागतो. हजेरीपटात आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाईल झाकावेत, नाव ठेवावे. काळी शाई वापरायला हरकत नाही. ती कोणत्या रकान्यावर फिरवली, यावर सगळे अवलंबून आहे.

धागाकर्ता

प्रतिसाद १ मधील प्रसंग वाचून मी थांबलो. त्या बाईंचा पत्ता त्या माणसाच्या हाती पडायला नको होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु जुने कलम पुन्हा वाचून पाहा. बदलीमागचे कौटुंबिक कारण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा सार्वजनिक कामकाजाशी काय संबंध होता? मूळ शब्द त्या बाईंच्या बाजूनेच होते. चुकला तो अपिलातला निर्णय. एका चुकीच्या आदेशावरचा उपाय म्हणून कसोटीच काढून टाकायची, तर त्या बाईंबरोबर बोगस देयकावर सही करणाऱ्यालाही तेच संरक्षण मिळते. पुट्टस्वामी निकालानेही खाजगीपणा निरपवाद मानलेला नाही. निर्बंध हेतूच्या प्रमाणात हवा, असे तो सांगतो, आणि प्रमाण पाहण्याचे काम तीच वगळलेली कसोटी करत होती.

कलम ८(२) आहे, हे खरे. पण कायद्यात अपवाद कुठे लिहिला आहे, यावर टेबलावरची सवय ठरते. पूर्वी अधिकाऱ्याला नाकारण्यापूर्वी स्वतःला विचारावे लागे की, याचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का. आता ‘वैयक्तिक’ हा एक शब्द लिहिला की त्याचे काम संपते आणि लोकहित दाखवून देण्याचा भार व्यवहारात अर्जदारावर येतो. कलम १९(५) नुसार नकार योग्य होता हे अधिकाऱ्यानेच सिद्ध करायचे असते. पण एवढ्या रुंद शब्दाखाली ते सिद्ध करायला उरतेच काय? चुकीने नाकारले तर दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे, तोही वाजवी कारण नसेल तर. नव्या डेटा कायद्यातला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तो अधिकाऱ्यावर व्यक्तिशः नाही, तरी हा आकडा ऐकलेला कर्मचारी कोणत्या बाजूला झुकेल, हे आपण अकरा वर्षे त्या खुर्चीवर काढली असल्याने माझ्यापेक्षा चांगले जाणता.

गिरीश देशपांडे निकालाबद्दल एवढेच : त्यातही व्यापक लोकहित असल्यास माहिती देता येईल, हे मान्य केले होते, आणि ते ८(१)(ञ) च्याच शब्दांवरून. ते शब्द आता त्या कलमात नाहीत.

प्रतिसाद १ (निवृत्त जन माहिती अधिकारी)

नाकारणे सोपे झाले आहे, हे मी मान्य करतो. खुर्चीवर असताना दर वेळी लोकहिताची कारणे लिहून काढणे हे कष्टाचे काम होते आणि ते टाळण्याची सोय मिळाली तर बहुतेक जण ती घेतील. तरीही जुना मसुदा जसाच्या तसा परत आणावा, हे मला पटत नाही. घरचा पत्ता, आजारपण आणि कुटुंब यांना स्पष्ट शब्दांत संरक्षण द्यावे, आणि सरकारी पैसा घेणाऱ्याचे नाव व रक्कम त्यातून तितक्याच स्पष्टपणे वगळावी, असा मसुदा असेल तर मी त्याला पाठिंबा देईन.

तोवर आपला हजेरीपट सोडू नका. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रथम अपील दाखल करा. त्यात कलम ४(१)(ख), कलम ८(२) आणि कलम १० या तिन्हींचा उल्लेख करा, मोबाईल आणि खाते क्रमांक झाकायला माझी हरकत नाही असे स्वतःहून लिहा, आणि झाकलेल्या पानांच्या प्रती सोबत जोडा. सुनावणीच्या दिवशी मूळ हजेरीपट समोर ठेवण्याची मागणीही त्याच अर्जात करा.