विषय: आईबाबांना घेऊन व्हेझेरच्या खोऱ्यात, जुन्या घरगुती हॉटेलात राहावं का?

प्रेषक: अ. कु., रेडिंग

नमस्कार मंडळी,

आईबाबा ऑगस्टअखेर साताऱ्याहून येताहेत. आई ७१, बाबा ७६. बाबांनी शाळेत इतिहास शिकवला, अजिंठ्याला किती वेळा गेले असतील त्याची मोजदाद नाही. आता त्यांना फ्रान्समधल्या लास्को गुहेतल्या आदिमानवाच्या चित्रांचं वेड लागलंय. मूळ गुहा बंद आहे हे त्यांना माहीत आहे, पण "त्या खोऱ्यात तरी चार दिवस राहू" म्हणतात. शेंगेन व्हिसा मुंबईतूनच काढून झाला आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या दोर्दोन्य जिल्ह्यात, व्हेझेर नदीच्या काठी पाच रात्री राहायचा विचार आहे. मला एकाच कुटुंबानं चालवलेलं जुनं हॉटेल हवंय. एक मनात भरलंय: पूर्वीचा टपालाच्या घोड्यांचा तळ, बारा खोल्या, खाली जेवणघर. पण लिफ्ट नाही, आई पूर्ण शाकाहारी आहे (अंडंही नाही), आणि रात्रीचं जेवण तिथेच घ्यावं असा त्यांचा आग्रह दिसतो. नवरा म्हणतो, सरळ स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेऊ, कुकर आणि डाळ-तांदूळ घेऊन जाऊ.

अशा ठिकाणी कुणी राहिलंय का? वयस्कर माणसांना झेपेल का?

अ. कु.

—

प्रेषक: मा. प., केंब्रिज

अगं, जरूर जा. आम्ही त्या खोऱ्यात तीनदा राहिलो, दोनदा एकाच हॉटेलात. शेवटच्या खेपेला सासूबाई बरोबर होत्या, त्याही शाकाहारी. म्हणून सविस्तर लिहिते.

कुकर नेऊ नकोस. तुम्ही पाच रात्रींसाठी एका कुटुंबाच्या घरात उतरणार आहात आणि त्या घराचा सगळा जीव त्यांच्या रात्रीच्या जेवणात असतो. नवरा रांधतो. बायको किल्ल्या, हिशेब आणि जेवणघर सांभाळते. म्हातारी आई दुपारी अंगणात फरसबीच्या शेंगा मोडत बसलेली असते. खोली, न्याहारी आणि रात्रीचं जेवण मिळून जो एक दर असतो त्याला तिथे 'दमी-पान्सिओं' म्हणतात. तोच घे. नुसती खोली घेऊन रोज रात्री बाहेर जेवायला गेलात तर त्या घराची ओळखच व्हायची नाही.

इमारतीबद्दल बाबांना सांग, त्यांना आवडेल. रस्त्याकडे उंच कमान असते, घोडागाडी थेट चौकात जाईल एवढी. एका अंगाला तबेले, आमच्या हॉटेलात तिथे आता न्याहारी देतात. भिंती पिवळसर चुनखडीच्या, आणि जवळच्या सार्ला गावाच्या बाजूला काही जुन्या घरांवर अजून दगडी फरश्यांची जड छपरं आहेत. सासूबाई चौकात शिरल्या आणि म्हणाल्या, "हा तर वाडाच." रेल्वे आल्यावर घोड्यांचं टपाल मागे पडलं आणि १८७३ मध्ये सरकारनं ते कायमचं बंद केलं. तबेले रिकामे झाले, पण खाणावळी टिकल्या. १९३६ मध्ये फ्रान्समधल्या कामगारांना कायद्यानं वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली, आणि शहरातली साधी माणसंही सुटीला गावाकडे जाऊ लागली. युद्धानंतर, १९४९ मध्ये, अशा लहान हॉटेलांनी 'लोजी द फ्रांस' नावाचा संघ उभा केला. त्यांची जुनी हिरवी-पिवळी, धुराड्याची पाटी काही ठिकाणी अजून दिसते. दुसरी खूण म्हणजे घराचं छप्पर झाकण म्हणून घातलेलं पातेलं. ते चित्र २०१४ पासून आलं. त्याचा अर्थ, पदार्थ तिथेच कच्च्या मालापासून रांधला आहे. मी तेवढं चित्र नक्की बघते.

आता आईच्या जेवणाचं. पेरिगोरचा (दोर्दोन्यचं हे जुनं नाव) स्वयंपाक बदक आणि हंसाच्या चरबीवर चालतो, आणि ती चरबी डोळ्यांना दिसत नाही. लसूण घातलेले खरपूस बटाटे, 'पोम सार्लादेझ', बघायला अगदी आपल्या बटाट्याच्या काचऱ्या, पण परतलेले चरबीत. 'तुरँ' नावाचं लसणीचं सूप असतं, त्याची फोडणीही बहुधा चरबीचीच, वर अंडं. सॅलडमध्ये न सांगता डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात. बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या किंवा करडाच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. आई ते खाते की नाही हे तूच ठरव, पण आधी तिला सांग.

नुसतं 'शाकाहारी' म्हटलंस तर ऑम्लेट येईल. आरक्षण करतानाच मेलमध्ये हे लिही आणि पोचल्यावर तोंडीही सांग: "सां व्यांद, सां प्वासों, सां झॉ, सां ग्रेस द कानार." मांस नको, मासे नकोत, अंडं नको, बदकाची चरबी नको. आदल्या दिवशी कळलं की घरची माणसं मनापासून करतात. सासूबाईंना पाच रात्रींत एकही पदार्थ पुन्हा मिळाला नाही: भाज्यांचं सूप, अक्रोडाचं तेल घातलेलं सॅलड, टोमॅटो-वांग्याचं भाजलेलं थर लावलेलं काहीतरी, सायीतले बटाटे, भूछत्रं लसूण-पार्स्लीवर परतलेली. सप्टेंबरात भूछत्रं आणि नवे अक्रोड येऊ लागतात, तुझी वेळ छान आहे. पाव आणि सुरईतलं पाणी यांचे पैसे पडत नाहीत. बाबांना तिथली एक जुनी रीत बघायला मिळाली तर मिळेल: शेतकरी सूप संपत आलं की त्याच थाळीत लाल वाइन ओततात आणि थाळी तोंडाला लावून पितात. 'शाब्रोल' म्हणतात त्याला.

एक प्रसंग सांगते. पहिल्या रात्री कापडी रुमाल दिले. दुसऱ्या रात्री त्याच टेबलावर तेच रुमाल, घडी घालून, लाकडी कड्यात अडकवलेले, कड्यावर खोलीचा नंबर. सासूबाईंना ते उष्टं वाटलं, त्या गप्प झाल्या. मी मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रोज नवा रुमाल वाटेवरच्या पाहुण्याला देतो, कडं मुक्कामाला राहणाऱ्याला. टेबलही त्याचंच, उरलेल्या बाटलीवरही नंबर घालून ठेवतो. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी रुमाल उलगडून मांडीवर घेतला. निघायच्या दिवशी न्याहारीनंतर त्यांनी स्वतःच घडी घालून तो कड्यात ठेवला.

खोलीचं थोडक्यात. उशीऐवजी पलंगभर लांब गोल लोड असतो, खऱ्या उशा आणि जादा पांघरूण कपाटात. लाकडी जमीन वाजते. खिडक्यांची झडप रात्री लावून घ्या. पोचल्यावर परदेशी पाहुण्यांना पोलिसांसाठीचा एक कागद भरावा लागतो, घाबरायचं कारण नाही. माणशी दर रात्रीचा मुक्कामकर बिलात वेगळा दिसेल. आणि न्याहारीला येताना, जिन्यात कुणी भेटलं तरी, आधी "बोंझूर". ते न म्हणता काही विचारलं तर माणसं खरोखर दुखावतात.

गुहांसाठी: बाबांना आधी रुफिन्याकला ने. विजेच्या छोट्या गाडीत बसून आत जातात, चालणं जवळजवळ नाही, आणि मॅमथची चित्रं अस्सल. फाँ-द-गोमची रंगीत चित्रंही अस्सल आहेत, १९०१ मध्ये सापडलेली. तिथे रोज मोजक्याच लोकांना सोडतात, तिकीट आधी बघ. लास्को १९४० मध्ये पोरांना सापडली, १९४८ ला लोकांसाठी उघडली आणि माणसांच्या श्वासानं, दमटपणानं भिंतींवर हिरवं शेवाळ धरू लागलं म्हणून १९६३ ला बंद केली. तिथल्याच मोंतिन्याक गावातली नवी पूर्ण प्रतिकृती २०१६ ची. अजिंठ्याची चित्रं जपताना काय काय करावं लागलं हे ज्यानं पाहिलंय, त्याला ती प्रतिकृती का करावी लागली हे चटकन कळेल.

मा. प.

—

प्रेषक: श्री. रा., मिल्टन कीन्स

काकूंचा अनुभव चांगला, पण दुसरी बाजूही लिहितो. आम्ही दोन वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दुसऱ्या भागात अशाच एका जुन्या हॉटेलात गेलो होतो. बोट उशिरा, वाटेत एका गावात रस्ता बंद, पोचायला सव्वादहा झाले. दार लावलेलं. बराच वेळ घंटा वाजवल्यावर मालक आले, किल्ली दिली आणि भटारखाना नऊलाच बंद झाला म्हणाले. आईला मधुमेह आहे. तिला रात्री दहानंतर नुसत्या बिस्किटांवर झोपावं लागलं. एक पाव आणि दूध देता आलं नसतं का? ते मला अजून टोचतं. साखळी हॉटेलात निदान चोवीस तास कुणीतरी जागं असतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी पुन्हा हा धोका पत्करणार नाही.

श्री. रा.

—

प्रेषक: मा. प., केंब्रिज

श्री. रा., तुमच्या आईंना उपाशी झोपावं लागलं हे वाईटच झालं. पाव द्यायला हवा होता, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मात्र त्यामुळेच अ. ला आणखी चार गोष्टी सांगते. तिथे रात्री दाराशी बसणारा वेगळा माणूस नसतो. जो रात्री रांधतो तोच सकाळी सहाला उठून पाव आणतो. उशीर होणार असेल तर वाटेतूनच फोन कर, संध्याकाळी सातच्या आत. ते दार उघडायचा कोड सांगतात आणि झाकून ताट ठेवतात. आमच्यासाठी ठेवलं होतं. आरक्षणाच्या संकेतस्थळावरून पाठवलेला निरोप पुष्कळदा कुणी वाचत नाही. रविवारी रात्री आणि आठवड्यातला एक दिवस जेवणघर बंद असू शकतं, तो वार आधी विचार. आणि बोटीनं उतराल त्या कॅन बंदराहून एका दिवसात गाडी हाणू नका, मध्ये एक रात्र थांबा. औषधाची वेळ असेल तर तीही मेलमध्ये लिही. सासूबाईंना साडेसहाला पाव-चीज मिळत होतं, कारण आम्ही सांगितलं होतं.

—

प्रेषक: नि., तुलूझ

नमस्कार. मी इथे अकरा वर्षं आहे, तो भाग आम्हाला गाडीनं जवळ. लिफ्टबद्दल लिहितो. २००५ च्या कायद्यानं अपंग आणि वयस्कर लोकांना वावरता येईल अशी सोय सगळ्या हॉटेलांना करायला सांगितली आहे, पण जुन्या वारसा-इमारतींना सूट मिळू शकते. दगडी गोल जिना फोडून लिफ्ट बसवता येत नाही. म्हणून 'सोय असेलच' असं धरू नका. मेलमध्ये थेट विचारा: खोलीपर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का, न्हाणीघरात टब आहे की उभं राहून अंघोळ. टब असेल तर त्याची कड केवढी उंच. माझे वडील एकदा तिथेच घसरले होते, म्हणून सांगतो.

अजून एक. 'शांब्र दोत' म्हणजे हॉटेल नव्हे. ते खरंच कुणाच्या राहत्या घरातल्या खोल्या, कायद्यानं जास्तीत जास्त पाच. तिथे जेवण मिळेलच असं नाही. जागा निवडताना दोन्हींत गल्लत करू नका.

आणि थोडं मनातलं. आम्ही ज्या हॉटेलात दर उन्हाळ्यात जायचो ते गेल्या वर्षी बंद झालं. नवराबायको सत्तरीला आले, मुलगी शहरात नोकरीला, आग-सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्यांचा खर्च पेलेना. घेणारा मिळाला, पण तो तिथे सदनिका करतोय. कमान राहील, भटारखाना जाईल. मला त्याचं फार वाईट वाटलं. कोकणातल्या आमच्या गावी मावशी घरगुती निवास चालवते. पुढे कोण, हा प्रश्न तिच्याकडेही तसाच आहे. म्हणून जी चालू आहेत तिथे जाऊन राहा, आणि आरक्षण थेट त्यांच्याकडे करा. संकेतस्थळाची दलाली वाचते ती त्यांच्याच गल्ल्यात राहते.

फ्रेंचमध्ये फोन करायचा असेल तर मला सांगा, मी करतो.

नि.

—

प्रेषक: अ. कु., रेडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मेल केला, काकूंची चारही वाक्यं आणि बाबांच्या औषधाची वेळ घालून. सकाळी मालकीणबाईंचं उत्तर आलं. तबेल्याच्या वरची खोली देताहेत, नऊ पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. न्हाणीघरात टब नाही. आईसाठी वेगळं करतील, फक्त "दूध-सायही नको का?" असं विचारलंय. बुधवारी जेवणघर बंद, त्या दिवशी सार्लाचा बाजार असतो, तिथून आणून चौकात बसून खा, ताटं देऊ असं लिहिलंय.

श्री. रा., तुमचं वाचून कॅनच्या पुढे एक मुक्काम वाढवला.

नि., एक फोन कराल का? दूध, साय, दही चालतं एवढं सांगायचं आहे, आणि चीजच्या रेनेटचं विचारायचं आहे. आईनं नाही म्हटलंय. त्यांनी सकाळी दहा ते अकरामध्येच फोन करा असं कळवलंय, त्यानंतर त्या भटारखान्यात असतात.

अ. कु.