सीडीवरून उतरवलेल्या अभिवाचनाचे ट्रॅक जोडून गाडीत सलग कसे ऐकावेत?

घाटवाट
नमस्कार. माझ्याकडे एका मराठी कादंबरीच्या अभिवाचनाचा १२ सीडींचा संच आहे. जुन्या गाडीत सीडी प्लेअर होता तोवर काही प्रश्न नव्हता. नव्या गाडीत मात्र केवळ यूएसबीची सोय असल्याने सगळ्या सीडी संगणकावर एमपीथ्री स्वरूपात उतरवून पेन ड्राइव्हवर घेतल्या. प्रत्येक सीडीवर १८ ट्रॅक असल्यामुळे एकूण २१६ फायली झाल्या असून सगळे मिळून सुमारे १३ तासांचे वाचन आहे.

नाशिक ते पुणे या प्रवासात आम्ही ते ऐकतो, पण दोन गोष्टींनी रसभंग होतो. पहिली म्हणजे क्रम: पहिली सीडी संपली की म्युझिक सिस्टीम एकदम सातव्या सीडीवर जाते आणि शेजारी बसलेली आई मेलेले पात्र पुन्हा बोलू कसे लागले, असे विचारते. दुसरी म्हणजे खटका: ट्रॅक कथेच्या ओघाचा विचार न करता साडेतीन-साडेतीन मिनिटांनी तोडलेले आहेत, त्यामुळे वाक्याच्या मध्येच, कधी तर शब्दाच्या मध्येच, आवाज क्षणभर थांबतो. सगळ्या फायली जोडून १३ तासांची एकच फाइल करावी असे मनात आहे. त्यासाठी कोणते साधन वापरावे आणि त्यात आवाजाचा दर्जा उतरेल का, हे कृपया सांगावे.

नोंदवही
वेगळ्या साधनाची गरज नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जी कॉपीची आज्ञा आहे, तिला बायनरी पर्याय देऊन फायलींची नावे अधिक चिन्हाने जोडली की त्या एकामागे एक चिकटून एक फाइल तयार होते. कीर्तनांची काही ध्वनिमुद्रणे मी याच पद्धतीने जोडली आहेत आणि ती संगणकावर व्यवस्थित वाजतात.

जुनी फीत
संगणकावर वाजतात हे खरे, परंतु गाडीतल्या म्युझिक सिस्टीम तेवढ्या समजूतदार नसतात. या पद्धतीत प्रत्येक फाइलचे टॅग (नाव, क्रमांक अशा माहितीच्या नोंदी) जोडफाइलच्या पोटात तसेच पडून राहतात. शिवाय फायली बदलत्या बिटरेटच्या (म्हणजे सेकंदामागे कमी-जास्त डेटा वापरणाऱ्या) असतील तर सुरुवातीच्या नोंदीत केवळ पहिल्या ट्रॅकचीच लांबी असल्याने एवढी मोठी फाइल साडेतीन मिनिटांची असल्याचे दिसते आणि काही सिस्टीम तेवढ्यावरच थांबून पुढच्या फाइलकडे वळतात. उतरवलेल्या फायलीच जोडायच्या असतील तर एफएफएमपेग हा आज्ञा देऊन चालवायचा प्रोग्रॅम वापरावा. एका साध्या मजकूर-फाइलमध्ये सगळ्या फायलींची नावे क्रमाने, एका ओळीत एक अशी लिहून ती यादी त्याला द्यावी आणि पुन्हा एन्कोड (एमपीथ्रीत रूपांतर) न करता केवळ नक्कल करण्याचा पर्याय निवडावा. दर्जा तिळमात्र बदलत नाही आणि सुरुवातीची नोंद नव्याने लिहिली जाते. अट एवढीच की सर्व फायलींचा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) आणि चॅनेलची संख्या सारखी असावी.

मात्र आपली दुसरी तक्रार, म्हणजे खटका, यातून दूर होणार नाही. एमपीथ्रीमध्ये आवाज ठरावीक मापाच्या तुकड्यांत बांधला जातो. एका तुकड्यात ११५२ नमुने, म्हणजे सीडीच्या ४४,१०० या दराने सुमारे २६ मिलिसेकंद. कोणताही ट्रॅक अशा तुकड्याच्या काठावर नेमका संपत नसल्यामुळे उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि एन्कोडर सुरुवातीलाही स्वतःची थोडी शांतता घालतो. ही शांतता फाइलमध्येच मुरलेली असल्याने फायली कितीही निगुतीने जोडल्या तरी ती जोडाजोडावर राहतेच.

यावरचा खरा उपाय मुळाशी आहे. सीडी अजून आपल्याजवळ आहेत, तर त्या पुन्हा उतरवाव्यात, आणि या वेळी ट्रॅक सुटे न करता संपूर्ण सीडी सलग उतरवावी. आयट्यून्समध्ये सीडीचे ट्रॅक जोडून घेण्याचा पर्याय आहे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये संपूर्ण सीडीची एक वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी) फाइल आणि सोबत ट्रॅकच्या खुणांची क्यू फाइल तयार होते. ६५ मिनिटांच्या सीडीची अशी फाइल सुमारे ६९० एमबी होईल. ती एकदाच एमपीथ्री केली की आत जोडच नसल्याने खटकाही उरत नाही.

एन्कोड करताना मोनो (एकच चॅनेल) आणि ६४ केबीपीएसचा स्थिर बिटरेट ठेवावा. एका आवाजातल्या वाचनाला, त्यातही गाडीच्या घरघरीत, तेवढा पुरतो आणि तासाला जेमतेम २९ एमबी लागतात. बदलता बिटरेट संगीतासाठी चांगला असला तरी येथे टाळावा, कारण अशा फाइलमध्ये पुढे-मागे जाण्यासाठी जी सारणी असते तिच्यात केवळ १०० खुणा असतात. चार मिनिटांच्या गाण्याला त्या भरपूर झाल्या, पण १३ तासांच्या फाइलमध्ये दोन खुणांमध्ये जवळजवळ आठ मिनिटांचे अंतर पडते आणि थोडे मागे जाऊ म्हटले तरी आपण भलत्याच प्रसंगात पोहोचतो.

आता १३ तासांच्या एका फाइलविषयी. माझे स्पष्ट मत आहे की ती करू नये. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही सिस्टीम फाइलमधली जागा लक्षात ठेवतात, तर काहींना केवळ फाइलचे नाव आठवते आणि त्या पुन्हा पहिल्या सेकंदापासून सुरुवात करतात. आपली सिस्टीम दुसऱ्या प्रकारची निघाली तर नवव्या तासाला पेट्रोल भरायला थांबल्याची शिक्षा म्हणून बोट दाबून नऊ तास पुढे सरकावे लागेल. म्हणून आधी एक तासाभराची फाइल घेऊन विसाव्या मिनिटाला गाडी बंद करून पाहावी. पाच मिनिटांनी सुरू करून पाहावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पाहावी, कारण दोन्ही वेळा वागणे सारखे असेलच असे नाही. फाइलची लांबी त्या निकालावरून ठरवावी.

पाटीपेन्सिल
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त क्रमाविषयी थोडे लिहितो, कारण सीडीमागे एक अशा १२ फायली केल्या तरी तो प्रश्न सुटेलच असे नाही. अनेक सिस्टीम फायली नावानुसार लावतच नाहीत; पेन ड्राइव्हवर त्यांच्या नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. आपण सगळे फोल्डर एकदम निवडून ओढून टाकले असतील तर बहुधा सातवी सीडी दुसऱ्या क्रमांकावर लिहिली गेली असावी. पेन ड्राइव्ह फॅट३२ या मांडणीत फॉरमॅट करून फायली एकेक करून क्रमाने टाकाव्यात किंवा फॅटसॉर्ट नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने आधीच्या नोंदी नावानुसार लावून घ्याव्यात.

नावाच्या आरंभी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत, अन्यथा नावानुसार लावणाऱ्या सिस्टीममध्ये १ नंतर १० येतो. अंक आणि नावे रोमन लिपीतच ठेवावीत. मला स्वतःला हे रुचत नाही, पण माझ्या गाडीच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोनांची रांग दिसते. मॅकवरून फायली टाकल्या असतील तर टिंबाने सुरू होणाऱ्या छुप्या फायलीही सोबत जातात आणि काही सिस्टीम त्यांनाही गाणे समजून अडकतात. त्या पुसून टाकाव्यात.

घाटवाट
सर्वांचे मनापासून आभार. चाचणी केली. पाच मिनिटांनी गाडी सुरू केल्यावर वाचन बरोबर विसाव्या मिनिटापासून पुढे चालले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल पहिल्यापासून सुरू झाली. त्यामुळे एका फाइलचा विचार सोडला, इतकेच नव्हे तर सीडीमागे एक फाइलही मला लांब वाटू लागली. सीडी सलग उतरवून, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये जेथे वाचक श्वास घेऊन नव्या प्रसंगाकडे वळतो तेथे खुणा केल्या आणि त्या खुणांनुसार सुटे भाग एका दमात निर्यात केले. ११ सीडींचे ३१ भाग झाले, म्हणजे एक भाग सरासरी २३ मिनिटांचा. जागा विसरली गेली तरी नुकसान फार नाही, आणि तोडलेल्या ठिकाणी मुळातच शांतता असल्याने खटका जाणवत नाही. काही सीडींचा आवाज लहान होता. तो एमपीथ्रीगेन या प्रोग्रॅमने दीड-दीड डेसिबलच्या टप्प्यांनी वाढवून इतरांच्या बरोबरीला आणला, त्यासाठीही पुन्हा एन्कोड करावे लागले नाही.

अडली आहे ती चौथी सीडी. तिच्यावर ओरखडा असून शेवटची दहा मिनिटे अडखळत उतरतात. काही करता येईल का?

जुनी फीत
ओरखडा कोणत्या दिशेचा आहे ते पाहावे. मध्यापासून काठाकडे जाणारा असेल तर आशा आहे, कारण तो प्रत्येक फेऱ्याला थोडाच छेदतो आणि सीडीतल्या त्रुटी-दुरुस्तीच्या व्यवस्थेला मागावरची सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट पूर्ण भरून काढता येते. गोलाकार ओरखडा मात्र मागाच्या लांबीनेच चालत असल्याने फार वाईट. सीडी मऊ सुती कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. त्यानंतर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या सुरक्षित पद्धतीत, जिच्यात शंकास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो, ती रात्रभर लावून ठेवावी, आणि तरीही जमले नाही तर दुसऱ्या कोणाच्या तरी ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसऱ्याने निमूटपणे वाचल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.