फीड 'लावायचं' की फीडची 'सदस्यता घ्यायची'?

गेले दोन महिने ऑफिस सुटल्यावर एकच उद्योग चालू आहे. स्वतःच्या सर्व्हरवर मिनिफ्लक्स नावाचा फीड रीडर टाकलाय (फीड म्हणजे एखाद्या साइटवरच्या नव्या लेखांची आपोआप येणारी यादी, रीडर अशा सगळ्या याद्या एका जागी दाखवतो; गो भाषेत लिहिलेली एक बायनरी आणि मागे पोस्टग्रेस डेटाबेस, बस्स) आणि मेलसाठी राउंडक्यूब. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हापासून मी ओपीएमएल फाइल (माझ्या सगळ्या फीडची यादी) काखेत मारून या रीडरवरून त्या रीडरवर फिरतोय, भाडेकरू दर अकरा महिन्यांनी घर बदलतो तसा. हा मात्र टिकेल असं वाटतंय. झटपट उघडतो, दिसायला अगदी कोरडा, कीबोर्डवर जे-के दाबत खाली-वर जा आणि वाचा. राउंडक्यूब त्यामानाने जुन्या वाड्यासारखा आहे, सगळं आहे पण कुठल्या खोलीत ते शोधावं लागतं.

तर म्हटलं हे आईलाही देऊ. ती तहसील कार्यालयातून रिटायर झाली, त्यातली बरीच वर्षं बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर. दिवसाला तीन पेपर वाचते. म्हणून मेनूतले शब्द असलेली भाषांतराची जेसॉन फाइल उघडून मेनू मराठी करायला बसलो आणि अडकलो. कोडचं काम अर्ध्या तासाचं, शब्दांमध्ये तीन रविवार गेले.

'सबस्क्राइब' ला 'सदस्यता घ्या' लिहिलं. आई म्हणाली, कशाचं सदस्य, आणि फी किती? मग 'वर्गणी' केलं, तर म्हणे गणपती तर अजून लांब आहेत. 'अनसबस्क्राइब' ला 'सदस्यत्व रद्द करा' होतं ते वाचून तर तिला वाटलं आपल्यालाच काढून टाकतायत. 'मार्क ऑल ॲज रीड' ची कथा वेगळीच, ते मी शिस्तीत 'सर्व वाचलेले म्हणून चिन्हांकित करा' असं लिहिलं आणि फोनवर त्या बटणाच्या तीन ओळी झाल्या, त्यात ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं, त्यामुळे खालच्या ओळीतली वेलांटी वरच्या ओळीतल्या उकारात जाऊन बसली. दिसायला ते बटण नव्हतंच, गुंता होता.

आणि मुळात 'फीड' ला काय म्हणायचं? खाद्य? पुरवठा? स्रोत? एकही तोंडात बसत नाही. शिवाय मेलमधले आर्काइव्ह, थ्रेड, लेबल उरलेच आहेत. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद: लावणे!

अहो शब्द घरात आहे आणि तुम्ही गावभर शोधताय. आपण पेपर लावतो. दूध लावतो, डबा लावतो, पोरांना क्लास लावतो. नको असेल तर पेपर बंद करतो. यात सदस्यता कुठेच येत नाही. 'लावा' आणि 'बंद करा', दोन बटणं, आईंना विचारावंही लागणार नाही.

फीडला मी रतीब म्हणेन. दुधाचा रतीब तर सगळ्यांना माहीत आहे, पण जुन्या मराठीत रतीब म्हणजे घोड्याला, हत्तीला रोज ठरलेलं खाणं. मूळ अरबी, 'रातिब', म्हणजे ठरलेली नेमणूक. इंग्रजीतही फीड म्हणजे जनावराचं खाणंच की. दोन्ही भाषा एकाच गोठ्यातून निघाल्या म्हणायचं :)

दुसरा प्रतिसाद: लावणे मान्य, रतीब नको

'लावणे' बिनतोड आहे. रतीबाला मात्र आता वास येतो. 'अमुक लेखक रोज लेखांचा रतीब घालतात' असं म्हटलं की ते कौतुक नसतं. ॲप उघडल्या उघडल्या 'तुमचे रतीब' असं दिसलं तर ज्याचा ब्लॉग त्यात आहे तो बिचारा काय म्हणेल? फीड दोन अक्षरी आहे, उच्चारायला सोपं आहे, फीडच राहू दे. प्रत्येक नामाला मराठी टोपी घालायची गरज नाही, क्रियापद मराठी असलं की वाक्य आपोआप मराठी होतं. 'फीड लावलं', झालं काम.

'सर्व वाचलेले म्हणून चिन्हांकित करा' ऐवजी 'सगळं वाचलं' लिहा. खोटं असलं तरी चालतं, त्या बटणाचं कामच खोटं बोलणं आहे, २०० न वाचलेले लेख एका फटक्यात वाचले म्हणायचे.

आणि 'स्टार' ला तारांकित करू नका हो, विधानसभेत प्रश्न विचारल्यासारखं वाटतं. 'खूण' पुरे.

तिसरा प्रतिसाद: आर्काइव्ह आणि लेबलबद्दल

शब्द शोधायच्या आधी हे आर्काइव्हचं बटण आलं कुठून ते बघा. हॉटमेलवर २ एमबी जागा मिळायची, याहूवर ४, त्यामुळे आपण सगळे मेल उडवत बसायचो, कुणी लग्नाचे फोटो पाठवले की पोटात गोळा यायचा. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं ते १ जीबी घेऊन, लोकांना एप्रिल फूल वाटलं. उडवायची गरजच संपली आणि 'समोरून हटव, पण ठेव' ही नवी क्रिया तयार झाली. तिला 'संग्रहित करा' म्हणतात ते मला पटत नाही. संग्रह आपण हौसेने करतो, तिकिटांचा, नाण्यांचा. वीजबिलाच्या मेलचा कोण संग्रह करतं?

आत काय घडतं तेही सगळीकडे सारखं नाही. जीमेलमध्ये आर्काइव्ह म्हणजे मेलवरचं इनबॉक्सचं लेबल काढलं, मेल हललेला नसतो. राउंडक्यूबमध्ये तो खरोखर उचलून दुसऱ्या फोल्डरात जातो. एक कागद एकाच फायलीत राहतो पण बरणीवर चिठ्ठ्या कितीही लावता येतात, म्हणून लेबलला 'चिठ्ठी' चालेल का? की चिठ्ठी म्हणजे पत्रच वाटेल मेलमध्ये... हो, वाटेल. लेबलच ठेवा.

थ्रेडला 'धागा' आपण इकडे या मंचावर वापरतो, धागा काढतो, वर आणतो. पण मेलवर दोघांची दहा उत्तरं झाली तर तो सरळसरळ पत्रव्यवहार आहे, त्याला नवा शब्द कशाला?

जाता जाता, मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलक चालू ठेवून जे-के दाबून बघितलंत का?

धागाकर्ता परत

बघितलं! जे दाबलं की 'र' उमटतो आणि के दाबलं की 'क', आणि पान ढिम्म हलत नाही. ब्राउझर दोन गोष्टी सांगतो, अक्षर कुठलं उमटलं आणि कळ कुठली दाबली, शॉर्टकट पहिल्याच्या भरवशावर होते. दुसऱ्यावर आणले, आता मराठी कळफलक चालू असतानाही खाली जाता येतं. ही कळ तुम्ही काढलीत म्हणून सापडली, धन्यवाद.

आर्काइव्हचं आईलाच विचारलं. म्हटलं, टेबलावरून कागद उचलला, फाडला नाही, आत ठेवला, उद्या मागितला तर काढून देता आला पाहिजे, याला काय म्हणायचीस? ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "दप्तरी दाखल." मी म्हटलं नस्तीबद्ध का नाही? तर म्हणे प्रकरण मिटलं की नस्तीबद्ध, तुझं वीजबिल मिटलंय का?

प्रतिसाद: हाहा, पण

सरकारी भाषेत अर्ज 'दप्तरी दाखल' झाला म्हणजे त्यावर कुणी काही करणार नाही एवढाच अर्थ होतो ना?

धागाकर्ता

माझ्या मेलचंही तेच होतं, म्हणून तर चपखल आहे. बटणावर बसतं पण, दोन शब्द, एक ओळ. ओळींमधलं अंतरही वाढवलं, आता वेलांट्या मोकळ्या श्वास घेतायत.

तर सध्या असं आहे: फीड 'लावा', 'बंद करा', 'सगळं वाचलं', 'खूण', 'पत्रव्यवहार', 'दप्तरी दाखल'. रतीबावर आईचं मत घेतलं, ती म्हणाली दुधाचा ठीक आहे. काल तिने नवी मागणी केली, मावशीकडे आठ दिवस चाललीये तर तेवढे दिवस पेपरवाल्याला सांगतो तसं यालाही सांगता येईल का. नवा कोड लिहायला बसलो तर सेटिंगमध्ये तो खूण करायचा चौकोन आधीच होता, फीड रिफ्रेश करू नका अशा अर्थाचं इंग्रजी नाव लावून. मी त्याचं नाव 'सध्या टाकू नका' केलंय.