दोन्हीकडे खेळणारी मुलं: शाळा केवढी, जागा कोणती?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एकाच मुलाला ऑफेन्स (चढाई) आणि डिफेन्स (बचाव) दोन्हीकडे उतरवणं हा कोचचा हावरटपणा, असं एक मत आहे; मोठ्या शाळांपुरतं ते मला पटतं. तिथे दोन्हीकडचे अकरा-अकरा असे बावीस वेगळे खेळाडू सहज मिळतात. पण टेक्सासमधल्या खेड्यांत कितीतरी हायस्कुलांत मुलगे-मुली मिळून शंभरही विद्यार्थी नसतात, तिथे बदली खेळाडू आणायचे कुठून? याच अडचणीतून १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या हेब्रॉनला स्टीफन एपलर या शिक्षकाने सहा-सहा जणांचं फुटबॉल सुरू केलं. टेक्सासात ते आजही जोमात आहे. मैदान ८० यार्डांचं, फर्स्ट डाउनसाठी (म्हणजे चेंडू आपल्याकडे राखायला चार प्रयत्नांत) १५ यार्ड, आणि मध्यंतरापासून पुढे कधीही ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण दमलेली मुलं हरलेल्या सामन्यात उगाच मार खात राहत नाहीत.

कॉलेजात दोन्हीकडे खेळून गाजलेल्या ट्रॅव्हिस हंटरचा दाखला मात्र इथे जपून द्यायला हवा. २०२४ ची हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) त्याने जिंकली ती रिसीव्हर (पास झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्या रिसीव्हरला अडवणारा) म्हणून. त्या जागांवर धावणं प्रचंड, पण दर स्नॅपला (चेंडू खेळात आला की) धडक नाही. लाइनमनला, म्हणजे पुढच्या रांगेत समोरासमोर भिडणाऱ्याला, ती प्रत्येक वेळी असते, आणि छोट्या शाळांत दोन्हीकडे अडकतात ती बहुधा हीच धिप्पाड मुलं. निदान किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) आणि पंटच्या (चेंडू लाथेने दूर धाडण्याच्या) वेळी तरी त्यांना बाहेर बसवा, पाणी पाजा. त्या जागी नववीतली नवी पोरं उतरवता येतात.