आधी ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी की आधी सॉफ्टवेअर? मुक्त सॉफ्टवेअरची सुरुवात नेमकी कुठून करायची

पायरीपायरीने (धागाकर्ता)

गेल्या काही महिन्यांत पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "लिनक्स टाकायचंय, कोणतं टाकू?" (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम, यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर.) बहुतेकांचं कारणही एकच होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि त्यांच्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. यंत्र धडधाकट असताना ते टाकून द्यायला जीव होत नाही, हे मला पूर्ण पटतं.

पण माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मी सांगतो, लिनक्स आत्ता टाकूच नका. आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस (ऑफिसची कामं), फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (ईमेल), व्हीएलसी (व्हिडिओ) आणि गिंप (चित्रं) टाका आणि दोन महिने रोजचं सगळं काम त्यांच्यातच करा. ही सगळी विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. मग ज्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टीम बदलाल, त्या दिवशी घर नवं असेल पण भांडीकुंडी ओळखीची असतील.

हे मी अनुभवाने शिकलो. एका नातेवाइकाचं यंत्र मी उत्साहाच्या भरात एका दुपारी पूर्ण बदलून दिलं. आठवड्याने त्यांचा फोन आला, "तुझ्या लिनक्समध्ये माझा अर्ज मोडला." जाऊन पाहिलं तर दोन पानी अर्जातल्या तक्त्याची शेवटची ओळ उडी मारून तिसऱ्या पानावर गेली होती. दोष लिनक्सचा नव्हता. फाइल कॅलिब्री फॉन्टमध्ये होती, तो या यंत्रावर नव्हता, म्हणून लिबरऑफिसने दुसराच फॉन्ट लावला आणि त्याची अक्षरं किंचित रुंद निघाली. कार्लिटो हा मुक्त फॉन्ट कॅलिब्रीच्या मापाबरहुकूम बनवलेला आहे, अक्षरागणिक रुंदी तीच. तो टाकल्याबरोबर ओळ जागेवर परत गेली. मला पाच मिनिटं लागली, पण त्यांचा विश्वास उडायचा तो उडाला. एकाच दिवशी दहा गोष्टी बदलल्या होत्या, त्यातली नेमकी कोणती नडली हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. हीच फाइल विंडोजवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडली असती तर नवीन काय नि जुनं काय, हे त्यांचं त्यांना समजलं असतं.

तर माझं मत असं. आधी सॉफ्टवेअर, मग सिस्टीम. तुमचं?

---

थेटबूट

अजिबात पटलं नाही.

जुनं ऑफिस एका क्लिकवर असताना माणूस नवं वापरत नाही. मी स्वतः तीन वर्षं हेच केलं. लिबरऑफिस टाकलेलं होतं, गिंप टाकलेलं होतं आणि दोन्ही आयकॉन तसेच पडून होते. घाईची वेळ आली की हात जुन्याकडेच जायचा, आणि काम म्हटलं की घाई असतेच. शेवटी हार्ड डिस्क गेली, नव्या डिस्कवर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, परतीचा रस्ता उरला नाही आणि पंधरा दिवसांत हात बसला. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही ज्यांना सल्ला देताय त्यांचे अपडेट थांबलेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना आणखी दोन महिने त्याच सिस्टीमवर बसवणार? नवी भोकं सापडत राहणार आणि ती कुणी बुजवणार नाही. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करायला सांगणं मला धोक्याचं वाटतं.

आणि भीती कसली? लाइव्ह पेनड्राइव्हवरून अख्खी सिस्टीम चालते. आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या सिस्टीमची एक फाइल) उतरवा, रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून यंत्र सुरू करा. तुम्ही स्वतः इन्स्टॉलचं बटण दाबत नाही तोवर डिस्कला धक्काही लागत नाही. आधीच धीमं यंत्र पेनड्राइव्हवर आणखी धीमं वाटेल, तेवढं धरून चाला.

---

कामापुरता

दोघांनाही माझा मूळ प्रश्न आहे. बदलायचंच का?

मी छपाईची कामं करतो. मला चार रंगांत विभागलेली फाइल द्यावी लागते. गिंपची ३.० आवृत्ती २०२५ मध्ये आली, छपाईत रंग कसे दिसतील ते ती दाखवते, पण चार रंगांत थेट काम करायची सोय त्यातही नाही. मग मी चित्रांसाठी क्रिता शिकू, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस शिकू, आणि समोरच्याने माझ्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल पाठवली की पुन्हा तिथेच येऊ. माझा वेळ फुकटचा नाही. "मोफत आहे" हे ज्याला काम वेळेत द्यायचंय त्याच्यासाठी कारण होऊ शकत नाही.

आणखी एक. मार्च २०२४ मध्ये फाइल आकसवणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमध्ये) कुणीतरी जाणूनबुजून चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलेलं सापडलं. त्या माणसाने आधी दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावला होता. हजारो डोळे बघतात म्हणून मुक्त सॉफ्टवेअर सुरक्षित, असं सांगितलं जातं. तेव्हा ते डोळे कुठे होते?

---

जुना_कर्नल

कामापुरता, मोफत या शब्दापाशीच घोटाळा होतोय. इंग्रजीत फुकट आणि स्वतंत्र या दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द पडतो, म्हणून तिकडे गेली चाळीस वर्षं खुलासे करावे लागतात. आपल्याकडे मुक्त वेगळा आणि मोफत वेगळा. मग आपण तरी ते एकत्र का कालवायचे?

मुळात गोष्ट पैशावरून सुरू झालीच नाही. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी सोय करून ठेवली होती, कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. नवा प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, मिळेना. मागितला तर नकार मिळाला. कागद अडकतोय हे दिसतंय, दुरुस्त कसं करायचं हेही माहीत आहे, आणि तरी हात बांधलेले. अशा अनुभवांतून पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवणं, तो आतून वाचून बदलणं, त्याच्या प्रती वाटणं आणि बदललेली प्रतही वाटणं, या चार मोकळिका म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणला, पुढच्या वर्षी त्याला या मोकळिका राखणारा ग्नूचाच जीपीएल परवाना लावला, आणि पूर्ण सिस्टीम उभी राहिली.

एक्सझेडबद्दल. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर आहेत. त्यांच्या लक्षात आलं की एसएसएच लॉगिनला (दूरच्या यंत्रात शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! बहुतेकांनी सोडून दिलं असतं. ते मागावर गेले, थेट कोडपर्यंत पोचले आणि चोरदार उघडं पडलं, मुख्य डिस्ट्रोंच्या (म्हणजे मिंट, डेबियन अशा लिनक्सच्या तयार प्रकारांच्या) स्थिर आवृत्त्यांत शिरण्याआधी. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्यांना एवढ्या आतपर्यंत जाता आलं असतं का? तरी तुमच्या म्हणण्यातलं एक मला मान्य आहे. ती लायब्ररी जवळपास एकटा स्वयंसेवक सांभाळत होता आणि तो थकला होता. जगभरचे सर्व्हर ज्याच्यावर उभे, त्याला हातभार लावायला कुणी नव्हतं. हे दुखणं खरं आहे आणि ते आजही बरं झालेलं नाही.

धागाकर्त्यांना एवढंच सांगेन, "कोणतं टाकू" याच्या आधी "कशासाठी" हे सांगा. ज्याला कारण पटलंय तो तक्त्याची ओळ हलल्यावर पळून जात नाही.

---

अक्षरजुळारी

तुम्ही सगळे सॉफ्टवेअर आधी की सिस्टीम आधी यावर वाद घालताय. मी म्हणते, आधी तुमच्या फाइली.

माझ्याकडे दहा वर्षांचा मजकूर एका जुन्या, युनिकोड नसलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये होता. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. म्हणजे लिहिलेलं माझं, पण ते वाचायची परवानगी त्या फॉन्टकडे. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या सार्वत्रिक अक्षरसंकेतात, बदलून घेताना किती हाल झाले ते सांगते. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात. बदलणाऱ्या प्रोग्रॅमला ती उचलून पुढे न्यावी लागते, आणि जोडाक्षर आलं की तो चुकतो. "स्थिती"मधली पहिली वेलांटी त्या जोडाक्षराच्या मधोमध जाऊन बसली होती, जिथे तिथे. रफाराची तीच गत. शेकडो पानं मी ओळीओळीने तपासली आहेत.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने पहिला दिवस यालाच द्यावा. मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत ओडीएफ या खुल्या फाइल-प्रकारात ठेवा. ते २००६ पासून आयएसओ या जागतिक संस्थेचं मानक आहे, कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही. फाइली मोकळ्या झाल्या की विंडोज राहो, लिनक्स येवो, तुमचं काही अडत नाही. नाहीतर लिनक्स टाकूनही तुम्ही बांधलेलेच.

आणि मराठी टंकनाची काळजी करणाऱ्यांसाठी, लिनक्समध्ये सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या यादीत मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड मिळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. रोमन उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्यांना आयबस या टंकनाच्या प्रोग्रॅममध्ये एम१७एन हा जोडभाग घालून घ्यावा लागतो.

---

थेटबूट

अक्षरजुळारी ताई, हे मनापासून पटलं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जुना_कर्नल, तुमच्याशी मात्र वाद आहे. कारण आधी पटवायला गेलो तर नवा माणूस दारातूनच परत जातो. स्टॉलमन यांच्या संस्थेची मान्यता असलेल्या डिस्ट्रोंमध्ये बंद फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवणारं, सोर्स कोड न मिळणारं सॉफ्टवेअर) अजिबात नसतं, आणि मग कित्येक लॅपटॉपचं वायफाय चालतच नाही. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पानेसुद्धा २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. पहिल्या दिवशी वायफाय चाललं पाहिजे. तत्त्वं नंतर समजतात.

---

जुना_कर्नल

डेबियनने ते मतदान घेऊन ठरवलं, आणि ज्याला नको त्याला ते बंद ठेवता येतं. हे सांगून टाकलंत तर माझी तक्रार नाही. नव्या माणसाला वायफाय द्या, पण आपल्या यंत्रातला कोणता तुकडा बंद आहे हे त्याला कळू द्या. न सांगता देऊ नका.

---

पायरीपायरीने

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं मत काही अंशी बदललं आहे.

थेटबूट यांचा सुरक्षेचा मुद्दा बिनतोड आहे. ज्यांचे अपडेट थांबलेत त्यांना मी थांबा म्हणणं चूक होतं. त्यांनी लवकर हलावं. ज्यांची सिस्टीम अजून अपडेट घेतेय त्यांच्यासाठी माझा क्रम कायम आहे, फक्त त्याच्या आधी अक्षरजुळारींची पायरी जोडतो. आणि "जुनं एका क्लिकवर" याला उपाय म्हणजे त्या फाइली लिबरऑफिसनेच उघडतील असं सेटिंग करून टाकायचं. दोन क्लिक केले की तेच उघडतं, हात आपोआप वळतो.

आता लवकर हलणाऱ्यांसाठी, कारण इथेच माणसं आपटतात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. हे पोटतिडकीने सांगतोय. मी एकदा इन्स्टॉल करताना दोन डिस्कांपैकी चुकीची निवडली आणि "पूर्ण डिस्क पुसा" दाबलं. बॅकअपची डिस्क तेव्हा यंत्रालाच लावलेली होती आणि तीच पुसली गेली. डिस्कची निवड तिच्या आकारावरून आणि मॉडेलच्या नावावरून दोनदा तपासा. विंडोजही ठेवायचं असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू आहे का ते आधी बघा. चालू असेल तर बूटच्या सेटिंगमध्ये फेरफार झाल्यावर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

लाइव्ह पेनड्राइव्हवर नुसता डेस्कटॉप बघून समाधान मानू नका. वायफाय जोडा, आवाज ऐका, प्रिंटरवर एक पान काढा, आणि मग लॅपटॉपचं झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. यंत्र झोपून नीट जागं होतं की नाही हे फार थोडे लोक तपासतात, आणि इन्स्टॉल केल्यावर हमखास तिथेच चिडतात.

डिस्ट्रो म्हणाल तर मिंट किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती. उबुंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. यापेक्षा जास्त खल पहिल्या दिवशी करू नये.

कामापुरता, तुम्ही कामाचं यंत्र बदलू नका असंच मीही म्हणेन. पण एखादं जुनं पडून असेल तर ही तपासणी करून इथे लिहाल का?

---

कामापुरता

जुना लॅपटॉप होता, रविवारी बसलो.

मिंट पेनड्राइव्हवरून सुरू झालं. वायफाय नाही. फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट दिलं, मग ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर शोधून दिला, तो बंद सोर्सचा आहे असं तिथेच लिहिलेलंही होतं. आवाज ठीक. प्रिंटर काही न करता सापडला, याचं नवल वाटलं. झाकण मिटलं, पाच मिनिटांनी उघडलं, पडदा काळाच राहिला. बटण दाबून बंद करावं लागलं. दुसऱ्यांदाही तेच.

माझी छपाईची कामं आहेत तिथेच राहणार, ते मत बदललेलं नाही. पण काल एका जुन्या कामाची फाइल शोधत होतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती केली होती ते आता माझ्याकडे नाही, आणि दुसरं कुठलंच ती उघडत नाही. अक्षरजुळारींचा प्रतिसाद मी परत वाचला. आजपासून प्रत्येक कामाची पीडीएफ आणि मजकुराची ओडीएफ प्रत वेगळी ठेवतोय.

झाकणाचं काही करता येत असेल तर सांगा. लॅपटॉप अजून टेबलावरच ठेवलाय.