तज, तमालपत्र, नागकेशर... आणि त्यांच्या नात्यातला अव्होकाडो

मागच्या आठवड्यात पुण्याहून मावसबहीण आमच्याकडे बडोद्याला आली होती. गोडा मसाला भाजायला काढला होता, मी सहज म्हटलं तो तजाचा डबा दे गं. तिला कळेचना. डबा उघडून बघितला आणि म्हणाली, अगं ही तर दालचिनी, तज काय म्हणतेस, पार गुजराती झालीस की. मला ते जरा लागलंच, म्हणून शोधत बसले आणि जे कळलं ते इथे मांडतेय, बडोद्याच्या मंडळींनी भर घालावी.

तज हा उपरा शब्द नाहीच मुळी. संस्कृतात त्वच् म्हणजे साल, वैद्यकात दालचिनीला त्वक् असंच म्हणतात, त्वक्, वेलची आणि पत्र म्हणजे तमालपत्र मिळून त्रिजात, त्यात नागकेशर घातलं की चातुर्जात. त्या त्वचचाच झिजून तज झाला आणि गुजरातीत टिकला, आपण मांडवीतल्या गांधियाणाच्या, म्हणजे मसाले-जडीबुटीच्या, दुकानात रोज ऐकून ऐकून उचलला. उलट दालचिनी आलाय फारसीतून, दार म्हणजे लाकूड, दारचीनी म्हणजे चीनचं लाकूड. दोन्ही आपलेच, पण तज म्हटलं म्हणून मराठी बिघडली असं कुणी म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

आता तमालपत्र. हा शब्द सुदैवाने गुजरातीतही तोच आहे. पण पाकिटावर हल्ली बे लीफ छापतात आणि ते मला चूक वाटतं. बे लीफ म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या लॉरेलचं पान, ज्याचे मुकुट ग्रीक लोक विजेत्यांना घालायचे, नोबेल लॉरिएटमधला लॉरिएट तिथूनच आलाय. ते पान आखूड, मधे एकच ठळक शीर आणि तिला बाजूने फाटे. आपलं तमालपत्र हातात घेऊन बघा, देठापासून टोकाकडे तीन शिरा लांबच्या लांब जातात. वासही वेगळा, तमालपत्राला दालचिनीची झाक असते कारण ते दालचिनीच्याच सख्ख्या भावंडाचं पान आहे. ग्रीक-रोमन लोक आपलं पान विकत घेऊन जायचे आणि त्याला मालाबाथ्रम म्हणायचे, तो तमालपत्रचाच अपभ्रंश. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांनी आपला शब्द घेतला आणि आज आपण आपल्याच पानाला त्यांच्या पानाचं नाव देतोय, हे बरं नाही वाटत.

तमाल या शब्दाचा घोळ मात्र आहे. संस्कृतातला तमाल म्हणजे काळसर खोडाचं गर्द झाड, कालस्कंध हे त्याचंच नाव, आणि ते नाव लोकांनी वेगवेगळ्या झाडांना दिलंय. म्हणून कृष्णाच्या वर्णनातला तमाल आणि मसाल्यातलं तमालपत्र एकाच झाडाचं धरून चालू नका.

प्रतिसाद, दांडिया बाजारातून: ताई छान लिहिलंत. नागकेशराचंही सांगा ना, आमच्या सासूबाई काळं नागकेशर म्हणतात आणि वैद्य देतात ते पिवळं, दोन्ही एकच का?

नाही काकू, अजिबात एक नाही. वैद्यांचं नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पुंकेसर, ते झाड वेगळ्याच कुळातलं. मसाल्यातलं काळं नागकेशर म्हणजे दालचिनीच्या जातीतल्या झाडांची कोवळी वाळलेली फळं. एक दाणा तळहातावर घ्या, लवंगेसारखा देठ, वर सुरकुतलेली वाटी आणि वाटीत बसलेलं बारीक फळ. ती वाटी या कुळातल्या पुष्कळ झाडांची खूण आहे. म्हणजे गोड्या मसाल्यात साल, पान आणि फळ असे एकाच घरातले तिघं जण येतात! हे मला कळलं त्या दिवशी मी डबा पुन्हा उघडून वास घेत बसले होते.

प्रतिसाद, सयाजीबागेजवळून: अव्होकाडोही याच कुळातला, बारमाही हिरवं झाड. मी कोय पाण्यात ठेवून रोप केलंय, पण आपल्या उन्हात पानांच्या कडा करपतात, सावलीत ठेवावं लागतं. फुलाची गंमत म्हणजे एकच फूल दोनदा उघडतं, पहिल्यांदा मादी म्हणून, मग मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जातींची फुलं सकाळी मादी असतात, काहींची दुपारी, म्हणून दोन्ही प्रकारची झाडं जवळ असली की फळ चांगलं धरतं. परागकोश फाटत नाहीत, त्यांना बारीक झाकणं असतात ती वर उचलली जातात, दालचिनीतही तसंच. मेक्सिकोकडच्या जातीचं पान चुरगाळलं तर वरियाळीचा म्हणजे बडीशेपेचा वास येतो. पण पानं गायी-बकऱ्यांना घालू नका हं, त्यांना ती विषारी असतात. आणि याला मराठीत म्हणायचं काय? लोणीफळ?

लोणीफळ समजायला सोपं आहे दादा, कन्नडमध्ये लोण्याचं फळ अशा अर्थाचंच नाव आहे, दुकानात बटर फ्रूटही म्हणतात. मूळ शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला आहुआकात्ल, स्पॅनिश लोकांनी त्याचं आग्वाकाते केलं आणि पुढे त्यांच्याच वकील अर्थाच्या शब्दाशी गल्लत होऊन अव्होकाडो झालं, फ्रेंचमध्ये आजही वकील आणि हे फळ दोन्हींना एकच शब्द आहे. इतका फिरून आलेला शब्द तसाच राहू द्यावा असं मला वाटतं. पण बडोद्यात शब्द घडवायची परंपरा आहे हेही खरं, १९३१ साली सयाजीशासन शब्दकल्पतरू हा राज्यकारभारातल्या संज्ञांचा कोश निघाला तेव्हा एकेका संज्ञेला अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडले होते. तेव्हा सुचवा जरूर.

प्रतिसाद, मूळ कोकणातला, आता बडोद्यात: मग गुळंब कसा विसरलात? आपल्या सह्याद्रीतलं मोठं सदाहरित झाड, याच कुळातलं, वनस्पतिशास्त्राच्या काही पुस्तकांत तर अव्होकाडोच्याच पर्सिया प्रजातीत धरलेलं, नंतर वेगळं केलं. त्याच्या सालीची पूड चिकट असते, उदबत्तीचा मसाला काडीला धरून ठेवायला वापरतात, तिला जिगट म्हणतात. विलायती चिंच चालते तर विलायती गुळंब का नको?

विलायती गुळंब! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाजारात मी अव्होकाडोच म्हणेन, पण रोपाच्या कुंडीवर दादा तुम्ही हेच नाव लिहा, आणि गुळंबाचं पान कुणाकडे असेल तर ते चुरगाळून वास कसा येतो ते कळवा.